रॉयस्टन सग्डनची पुरातन मांजर

यॉर्कशरमधल्या आमच्या ॲल्मा स्ट्रीटवर सगळी घरं एकमेकांना चिकटून उभी आहेत, आणि माझ्या घराच्या डाव्या भिंतीला चिकटून रॉयस्टन सग्डन राहतो. लग्न होऊन मी या घरात आले त्या दिवशी माझं सामान अजून रस्त्यावर होतं, आणि हा गृहस्थ गळ्यात टाय बांधून फाटकाशी उभा राहून माझ्या नवऱ्याला कपाट दारातून तिरकं कसं न्यायचं ते शिकवत होता. स्वतः कपाटाला बोट लावलं नाही. कपाट अडकलं, दाराची चौकट खरवडली गेली, तेव्हा म्हणाला, "मी सांगितलं तसं केलं नाहीत तुम्ही." त्या दिवशी त्याच्याबद्दल माझं जे मत झालं ते बदलावं असं त्यानं आजवर काही केलेलं नाही.

रॉयस्टनचा जन्म याच गल्लीतला, शाळा टेकडीखालची, नोकरी बाजारातल्या विजेच्या दुकानात. उभी हयात त्यानं विजेच्या शेगड्या विकल्या. त्यांत प्लॅस्टिकचे कोळसे असत, कोळशांखाली लाल बल्ब, आणि बल्बवर गरगरणारी पत्र्याची चकती, म्हणजे ज्वाळा हलतायत असं वाटावं. त्या शेगड्या विकता विकता विजेचा शोधही आपणच लावला अशी त्याची समजूत झाली. रिटायर होताना दुकानवाल्यांनी त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते मागे पडतं. रॉयस्टन ते दुरुस्त करत नाही, रेडिओवाले वेळ चुकीची सांगतात असं म्हणतो.

घर त्याचं नव्हेच. घर त्याच्या बायकोच्या, एनिडच्या, आईचं. म्हातारी गेली आणि जावईबापू मोकळे सुटले. ज्या वर्षी जी टूम निघेल ती रॉयस्टनला हवी, फक्त दोन-तीन वर्षं उशिरानं. लोकांनी जुन्या नक्षीच्या दारांवर सपाट हार्डबोर्ड ठोकले, यानंही ठोकले. लोकांनी जिन्याचे कोरीव गज काढून फळ्या मारल्या, यानंही मारल्या. पुढे लोकांना जुन्याचं वेड लागलं आणि जो तो हार्डबोर्ड उचकटायला लागला, तेव्हा हाही उचकटायला लागला, आणि आतलं नक्षीदार दार जणू आपणच कोरलंय अशा थाटात सगळ्यांना दाखवायला लागला. एनिड मागे उभी असायची. ती बुटकी, अबोल बाई, केक मात्र असा करायची की रॉयस्टनकडे चहाला जायची शिक्षा मी तेवढ्यासाठी भोगायची.

पण मला सांगायचंय ते फायरप्लेसबद्दल.

आमच्याकडे घरातली पुढची खोली चांगली खोली. एरवी तिथं कोणी बसत नसे. ख्रिसमसला, पाद्रीसाहेब आले की, आणि घरात मयत झालं की तिथली फायरप्लेस पेटायची. एनिडच्या आईची फायरप्लेस म्हणे गल्लीत नावाजलेली होती. बिडाची काळी जाळी, दोन्ही बाजूंना हिरव्या फरश्या, आणि म्हातारी दर शुक्रवारी गुडघ्यांवर बसून ती काळं पॉलिश लावून घासायची. सासष्ट साली रॉयस्टननं ती बुजवली. बुजवली म्हणून मी त्याला नावं ठेवत नाही. कोळशाचा धूर नको म्हणून नगरपालिकेनं फर्मान काढलं होतं, राख उपसून बायकांचे गुडघे कामातून गेले होते, सगळी गल्लीच बुजवत होती. मात्र बाकीच्यांनी गवंडी बोलावला. रॉयस्टनला गवंडी कशाला? त्यानं जाळी आणि हिरव्या फरश्या भंगारवाल्याच्या घोडागाडीवर टाकल्या आणि स्वतः विटा रचायला बसला.

त्या वेळी त्यांची मुलगी हेझल आठ वर्षांची होती, आणि हेझलची एक मांजर होती. टॉफीच्या रंगाची म्हणून नाव टॉफी. कधीतरी दाराच्या फटीत सापडून तिची शेपटी टोकाशी वाकडी झाली होती. दुपारी भिंत निम्मी झाल्यावर रॉयस्टन चहा प्यायला मागच्या खोलीत गेला. येऊन उरलेल्या विटा बसवल्या, हवेसाठी खाली एक जाळीची वीट ठेवली, वर हार्डबोर्ड ठोकला, आणि दुसऱ्या दिवशी लीड्सहून मागवलेला सोनेरी पानांचा कागद त्यावर चिकटवला. त्याच संध्याकाळपासून टॉफी दिसेनाशी झाली.

हेझल म्हणाली, टॉफी भिंतीत आहे, मला ती ओरडताना ऐकू येतेय.

रॉयस्टन म्हणाला, मागचं दार तू उघडं टाकलंस, मांजर पळाली, आणि आता बापाच्या नव्या भिंतीवर आळ घेतेस. पोरीनं हट्ट सोडला नाही. कागदाला कान लावून बसली. तेव्हा त्यानं तिच्या कानाखाली वाजवली. चर्चच्या रविवारच्या शाळेतल्या बाईंना सांगून खोटं बोलण्यावर तिला सगळ्या मुलांदेखत उभं करून उपदेश करवला. चार दिवसांनी तिलाही काही ऐकू येईना, आणि प्रकरण मिटलं.

मी तेव्हा या गल्लीत नव्हते. मग मला हे कसं ठाऊक? रॉयस्टननंच सांगितलं. दर ख्रिसमसला सांगायचा. पाहुणे जमले, शेरीचा दुसरा पेला पोटात गेला की हा उठून त्या भिंतीला कान लावायचा, डोळे मोठे करायचा आणि बारीक आवाजात "म्यॅव" करायचा. मग सगळ्यांना गोष्ट. "आमच्या हेझलला भिंतीत मांजर ऐकू येते बरं का. जरा जपून बोला, ती बशीतल्या केकचंही बोलणं ऐकेल." लोक हसायचे. लोकांचं काय, शेरी फुकट असली की लोक कशालाही हसतात. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा हेझल तेरा वर्षांची होती. ती बशी मांडीवर घेऊन बसली होती आणि तिची मान हळूहळू लाल होत गेली.

सज्ञान झाल्याबरोबर तिनं हे घर सोडलं. कार्लाइलला नोकरी धरली, तिथंच लग्न केलं. ख्रिसमसला कार्ड यायचं, ती यायची नाही. एनिड वर्षातून एकदा बसनं तिच्याकडे जाऊन यायची. एकदा परत आल्यावर माझ्याकडे चहाला बसली आणि म्हणाली, "थेल्मा, आमची हेझल अजून किटली शिटी वाजवायला लागली की आधी नवऱ्याला विचारते, वाजली का रे. मग उठते."

"का?" मी विचारलं.

"खात्री नसते म्हणते."

मी रॉयस्टनला दोन शिव्या घातल्या. एनिडनं चहात साखर ढवळली. तिची माझी इतकी वर्षांची ओळख, पण ती नवऱ्याविरुद्ध कधी एक अक्षर बोलली नाही. मला तिची दया यायची.

सत्त्याण्णव सालच्या शरद ऋतूत समोरच्या घरातल्या तरुण जोडप्यानं आपली फायरप्लेस उघडली, आणि त्यांच्या खोलीचा फोटो कुठल्याशा मासिकात आला. झालं. रॉयस्टनच्या पोटात दुखायला लागलं. आठवड्याच्या आत त्यानं जुन्या सामानाच्या दुकानातून बिडाची जाळी आणि हिरव्या फरश्या आणल्या. ज्या भंगारवाल्याला यानं त्या फुकट दिल्या त्याच्याच नातवाकडून यानं त्याच विकत घेतल्या असतील, मला काही आश्चर्य वाटणार नाही. मग एका शनिवारी माझं दार वाजलं. टाय, वर कामाचा डगला, हातात छिन्नी.

"थेल्मा, भिंत तुझी माझी सामाईक आहे. उद्या तडा गेला म्हणशील. तेव्हा तू समोर असलेली बरी. आणि येतेच आहेस तर टॉर्च धर."

"गवंडी का नाही बोलावत?"

"ज्यानं बुजवली त्यालाच ती कशी उघडायची ते कळतं."

म्हणून मी टॉर्च धरून उभी राहिले. कागदाचे तीन थर निघाले, सगळ्यांत खाली ती सोनेरी पानं. हार्डबोर्ड निघाला. विटा दिसल्या, आणि मी काही गवंडी नाही, पण त्या विटा पाहून मलाही हसू आलं. सुताराच्या हाती केकचं आयसिंग दिल्यावर व्हावं तसं ते काम होतं. "तेव्हाचा चुना खराब होता," रॉयस्टन म्हणाला. अर्ध्या तासात त्यानं वरच्या चार विटा पाडल्या आणि अंगठा ठेचून घेतला. पुढच्या विटा आपोआप आल्या. काजळीचा लोट बाहेर आला, टाय काळा झाला, मी खोकत टॉर्च आत धरला.

आत जमिनीवर, जाळीच्या विटेला नाक लावून, मांजर होती.

सुकून फळीसारखी झाली होती. कातडं हाडांना चिकटलेलं, तोंड उघडं. शेपटीचं टोक वाकडं होतं. गळ्यात लाल पट्टा, काजळीनं काळवंडलेला, पण लाल. आणि विटांच्या आतल्या बाजूनं, खालपासून हातभर उंचीपर्यंत, सगळा चुना ओरबाडलेला होता.

रॉयस्टन गुडघ्यांवर बसला होता. त्याच वेळी एनिड चहाचा ट्रे घेऊन आत आली. तिनं पाहिलं. ट्रे खाली ठेवला, अगदी हळू, एकही कप वाजला नाही, आणि परत गेली. मागच्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला. आता इतक्या वर्षांनी नवऱ्याचं पितळ उघडं पडलं, बाईला धक्का बसला असणार, असं मला वाटलं.

"रॉयस्टन," मी म्हटलं, "ही टॉफी आहे."

"कोण टॉफी?"

"तू दर ख्रिसमसला जिच्या नावानं म्यॅव करतोस ती."

आत हात घालून त्यानं पट्टा ओढला, तो तुटून हातात आला, आणि तो त्यानं डगल्याच्या खिशात टाकला. माझ्यासमोर. टॉर्चच्या उजेडात.

"काय टाकलंस खिशात?"

"तार होती. जुनी तार." मग मागे सरून त्यानं मांजरीकडे मान वाकडी करून पाहिलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याच्या चेहऱ्यावर तो दुकानातला भाव आला, गिऱ्हाइकाला न चालणारी शेगडी दाखवतानाचा. "तुला माहितीय का थेल्मा, पूर्वी घर बांधताना लोक भिंतीत मांजर घालायचे. चेटकिणी येऊ नयेत म्हणून. ही घरं बांधणाऱ्यांनी घातलेली दिसते. सव्वाशे वर्षं तरी झाली असतील."

"तुझ्या विटांच्या मागे? सव्वाशे वर्षांपूर्वी?"

"धुराड्यात वर कपारीला असणार. हादऱ्यानं खाली पडली."

त्या माणसाचा कोडगेपणा मला नवा नव्हता, तरी मी बघतच राहिले. टॉर्च त्याच्या हातात दिला आणि घरी आले.

चेटकिणीची गोष्ट त्यानं काही मनानं रचली नव्हती. आमच्या भागात जुनी घरं पाडताना अशा मांजरी खरंच निघतात, आणि कोणाकडे निघाली की लोक तिला हात लावत नाहीत, होती तिथं परत ठेवतात. पण त्या जोत्याखाली किंवा छपरात निघतात, सासष्ट सालच्या हार्डबोर्डमागे नव्हे. हे कळायला शाळेत जावं लागत नाही. तरी आमच्या इतिहास मंडळाचे अध्यक्ष मिस्टर क्रॅब्ट्री भिंग घेऊन आले, गुडघे मोडून बसले आणि भारावून उठले. मंडळाला इतक्या वर्षांत एका गंजलेल्या नालापलीकडे काही सापडलं नव्हतं. साप्ताहिकात फोटो आला: रॉयस्टन, नवा टाय, नवी फायरप्लेस, आणि काचेच्या पेटीत टॉफी. खाली लिहिलं होतं, ॲल्मा स्ट्रीटवर पुरातन मांजर. काचेची पेटी त्यानं फायरप्लेसच्या वर, बरोबर मधोमध ठेवली. गल्लीतली मुलं बघायला यायची. तो त्यांना हात मागे बांधायला लावायचा.

मी एनिडला गाठलं. ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती.

"एनिड, तुला माहितीय ना ती कोण आहे?"

"हो."

"मग हेझलला कळव."

"रॉयस्टन म्हणतो, आता कशाला."

"रॉयस्टन गेला खड्ड्यात. तुला काय वाटतं?"

तिनं तोंडात चिमटा धरला होता, तो काढला नाही. चादर झटकली, दोरीवर टाकली, टोकं जुळवली. मी वाट बघून घरात आले आणि स्वतःच कार्लाइलला फोन लावला. तीस वर्षं ज्या पोरीला खोटारडी म्हटलं तिला निदान एवढं तरी कळायला हवं होतं. आणि खरं सांगायचं तर मला रॉयस्टनचं तोंड उतरलेलं बघायचं होतं, त्यात मला काही लाजायचं कारण दिसत नाही.

"हेझल, थेल्मा मावशी बोलतेय. तुझ्या बाबांनी फायरप्लेस उघडली. टॉफी सापडली."

"कुठे?"

"भिंतीत."

"परत सांग."

"भिंतीत, बाळा. विटांच्या मागे."

"मावशी, परत एकदा सांग ना."

मी परत सांगितलं. ती रडतेय का हसतेय ते मला कळेना. मग तिनं अगदी हळू विचारलं, "तू स्वतः पाहिलंस?" मी म्हटलं, टॉर्च माझ्याच हातात होता. त्यावर ती म्हणाली, "बॉक्सिंग डेला येते."

बॉक्सिंग डेला, म्हणजे ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी रॉयस्टननं पुढच्या खोलीत माणसं बोलावली होती: मिस्टर क्रॅब्ट्री, त्यांची बायको, समोरचं तरुण जोडपं, मी. फायरप्लेस पेटवली होती. धुराडं साफ करायला माणूस बोलवा असं मी सांगितलं होतं, त्यामुळे अर्थातच बोलावला नव्हता, आणि खोलीत एवढा धूर होता की क्रॅब्ट्रीबाई डोळ्यांना रुमाल लावून बसल्या होत्या. खिडकी उघडू का असं समोरच्या मुलीनं विचारलं. "जुन्या घरात थोडा धूर असतोच," रॉयस्टन म्हणाला, "तुमच्याकडे नसेल, कारण तुमची दुरुस्ती आधुनिक आहे." एनिड ख्रिसमस केकचे तुकडे आणि बरोबर चीज सगळ्यांना देत फिरत होती.

हेझल आली. चाळिशीला टेकलेली, केस आखूड, अंगावर साधा निळा कोट. तिनं आईच्या गालावर ओठ टेकले, बापाला मान हलवली आणि सरळ त्या काचेच्या पेटीसमोर जाऊन उभी राहिली.

"ये, ये, हेझल," रॉयस्टन म्हणाला. "मिस्टर क्रॅब्ट्री, ही आमची मुलगी. हिला मांजरींचं भारी वेड. हेझल, ही बघ, सव्वाशे वर्षांपूर्वीची. चेटकिणींसाठी."

हेझल पेटीकडे बघत होती. तिनं काचेवरून एक बोट शेपटीच्या टोकापर्यंत नेलं.

"बाबा," ती म्हणाली, "मला एकच सांगा. तुम्हाला ऐकू आलं होतं का नव्हतं?"

"काय ऐकू यायचं? धुराड्यात वारा असतो. दर घरात असतो. क्रॅब्ट्री सांगतील."

"वाऱ्याचं विचारत नाही मी."

"पाहुण्यांसमोर हे काय काढलंस?"

"तुम्ही पाहुण्यांसमोरच तर काढायचात. दर वर्षी. सांगा ना, आलं होतं का नाही?"

मी बशी खाली ठेवली. मला एक शब्द चुकवायचा नव्हता. रॉयस्टननं टायची गाठ सारखी केली, विस्तवात चिमटा खुपसला, परत काढला. आणि मग तो चिडला, चिडला की त्याचं नेहमी होतं तसं, बोलू नये ते बोलून गेला.

"अगं, कागद लावून झाला होता. लीड्सहून मागवलेला कागद, परत मिळण्यातला नव्हता. अख्खी भिंत फोडायची काय एका मांजरीसाठी? कोणीही शहाण्या माणसानं तेच केलं असतं."

समोरच्या मुलीनं नवऱ्याचा हात धरला. मिस्टर क्रॅब्ट्रींनी पेटीकडे पाहिलं, आपल्या हातातल्या केककडे पाहिलं, तो केक बशीत परत ठेवला आणि बायकोला म्हणाले, निघू या. इतिहास मंडळ कोट घालायला लागलं. मी रॉयस्टनकडे बघत होते. इतकी वर्षं वाट पाहिली होती मी या तोंडाची, आणि ते मला अगदी मनासारखं बघायला मिळालं. लालबुंद, लोंबलेलं, बावळट. माझा आत्मा थंड झाला म्हणा ना.

हेझल मात्र त्याच्याकडे बघतच नव्हती. तिच्या अंगावरून काहीतरी उतरल्यासारखे तिचे खांदे खाली आले होते. ती वळून आईकडे गेली, केकची थाळी तिच्या हातातून काढून घेतली, तिचे दोन्ही हात धरले. लहान मुलीसारखी हसत होती.

"आई, ऐकलंस ना? मी खोटं बोलत नव्हते. मला खरंच ऐकू येत होतं."

"मला माहीत होतं गं," एनिड म्हणाली.

"आता कळलं ना पण."

"नाही." एनिडचा आवाज नेहमीसारखाच होता, बारीक, सरळ. "तेव्हाच. मलाही ऐकू यायचं. दुपारी हे दुकानात, तू शाळेत. मी घरी एकटी. दिवसभर ओरडायची ती."

हेझलच्या चेहऱ्यावर हसू होतं तसंच राहिलं होतं, ते काढायचं ती विसरली होती.

"मग तू काय केलंस?"

"मी रेडिओ मोठा केला," एनिड म्हणाली. "यांनी सांगितलं होतं, काही ऐकू येत नाही. मग मी काय करणार?"

विस्तवातलं एक लाकूड खाली बसलं. मी एनिडकडे बघत होते. एवढी वर्षं माझ्या जिभेनं रॉयस्टनला सोललं होतं, आणि या बाईनं माझ्या स्वयंपाकघरात बसून चहा ढवळत ते सगळं ऐकून घेतलं होतं.

हेझलनं आईचे हात सोडले. झटकले नाहीत, सोडले. कोटाची बटणं लावायला लागली, खालपासून वरपर्यंत, एकेक.

"त्यांचं मला माहीत होतं," ती म्हणाली. "तुझं माहीत नव्हतं."

एनिड तिथंच उभी राहिली, हात अजून पुढे धरलेले. बाहेरचं दार लागलं, गाडी सुरू झाली, गल्लीच्या टोकाला वळली. रॉयस्टननं मान उंचावून खिडकीतून ती गेल्याची खात्री केली, मग आरामखुर्चीत मागे टेकला, आणि त्याचा चेहरा हळूहळू पूर्वीसारखा झाला.

"बघ थेल्मा," तो मला म्हणाला, "आणि तू उगाच मला एकट्याला बोलत होतीस."